गादीतली हवा

बे एरियातली आमच्या ओळखीची मराठी मंडळी मोटरहोममधून पहिला लांबचा प्रवास करून परतली, की कौतुकाचं सगळं सांगून झाल्यावर जरा आवाज खाली आणून एक तक्रार हमखास करतात: झोप झाली नाही. टीटनचे डोंगर पाहिले, बायसनचे कळप पाहिले, खिडकीशी बसून पोहे खाल्ले. पण रात्री पाठ टेकावी तर गादी कधी अंगाला टोचेल इतकी ताणलेली, कधी कमरेखाली पार खचलेली. हातात रिमोट असतो, रिमोटवर शून्य ते शंभर आकडे असतात, आकडा वर-खाली करता येतो, तरीही. मग मला विचारतात, तुम्ही कितीवर ठेवता? मी आकडा सांगत नाही. आदल्या रात्री कुठे होतात, आज कुठे आहात आणि पहाटे किती गारठा पडतो, हे आधी विचारते.

दिसायला ही गादी घरच्यासारखीच असते. वर शिवणकाम केलेलं जाड कापड, त्याखाली थोडा फोम, चारी बाजूंना फोमच्या भिंती आणि त्या चौकटीत शेजारी शेजारी दोन हवेचे कप्पे, एक तिचा, एक त्याचा. कप्प्यांतून निघालेल्या नळ्या पलंगाखालच्या पंपाला जोडलेल्या. पलंगाची फळी उचलली की खाली सामानाची जागा असते. स्प्रिंगची जड गादी रोज त्या फळीसकट उचलणं साठी उलटलेल्या कमरेला झेपत नाही, आणि गाडीवर किती वजन चढवायचं यालाही मर्यादा असते. हवेची गादी गाडीत आली ती या हलकेपणामुळे. लांबीत मात्र तडजोड आहे. घरच्या क्वीन गादीची लांबी ८० इंच, गाडीतली बहुधा ७५ च्या आसपास, आणि पायाकडचे कोपरे गोल कापलेले, म्हणजे रात्री उठून बाथरूमला जाताना मांडी आपटत नाही. उंच माणसाला तिच्यावर तिरपं झोपावं लागतं. त्याला हवेचा उपाय नाही.

खरा त्रास उंचीचा. आम्ही फ्रीमाँटला राहतो, समुद्रसपाटीच्या जवळ. तिथून निघून इंटरस्टेट ८० धरला की जेवणाच्या वेळेपर्यंत सिएरा नेवाडा चढून डॉनर समिट गाठता येतं, उंची ७,२३९ फूट. समुद्रसपाटीला आपल्याभोवतीची हवा दर चौरस इंचावर १४.७ पौंड दाब देते. डॉनरला हा दाब सव्वाअकरा पौंडांच्या आसपास उतरतो. कप्प्यात कोंडलेली हवा तेवढीच असते. बाहेरून दाबणारी हवा विरळ झाली की ती पसरू बघते, आणि डॉनरला तिला खालच्यापेक्षा सुमारे १.३ पट जागा लागते. आणखी पुढे, कोलोरॅडोत इंटरस्टेट ७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याशी रस्ता ११,१५८ फुटांवर जातो. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथे तीच हवा दीडपट जागा मागते. मनाली-लेहच्या रस्त्यावर वेफर्सची पाकिटं टम्म फुगलेली ज्यांनी पाहिलीत, त्यांना याहून वेगळं काही सांगायला नको.

गाडी चालवणाऱ्याच्या हे चटकन लक्षात येत नाही, त्याला कारण आहे. मोठ्या मोटरहोमच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला शंभरेक पौंड दाब असतो. उंचावर बाहेरचे पाच पौंड कमी झाले तर टायरला ते जाणवतही नाही. डिझेलच्या मोठ्या गाड्यांत चाकांवरचं सस्पेन्शनही हवेच्या फुग्यांचं असतं, पण तिथे हवा कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह आपलं काम करत राहतात. गादीतला दाब मात्र बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम अर्धा पौंड जास्त असतो. जिला अर्ध्या पौंडाची सवय, तिच्यावर घाट चढताना पाच पौंडांचा फरक येऊन पडतो. कप्पा फुगतो म्हणून तो सगळाच्या सगळा आत साठत नाही, पण त्याचा ताण सांध्यांवर आणि नळीच्या जोडावर येतो. घाटात गादी फाटल्याच्या ज्या कथा कॅम्पग्राउंडवर ऐकायला मिळतात, त्यांचं मूळ इथे आहे.

हवा डोंगरावर नेऊन पाहण्याचा हा प्रयोग फार जुना आहे. १६४८ च्या सप्टेंबरात ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिये पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी द डोम या डोंगरावर चढला. डोंगर १,४६५ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडा ठेंगणा. माथ्यावर पारा तीन इंचांहून जास्त उतरला होता. पायथ्याच्या क्लेरमाँ गावात मठाच्या बागेत तशीच दुसरी नळी ठेवली होती आणि एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर नजर ठेवून बसला होता. तिच्यातला पारा हलला नाही. चढून गेलेल्यांचं नाव झालं. मला मात्र त्या खाली बसलेल्या माणसाचं फार अप्रूप वाटतं. तो नसता तर फरक उंचीमुळे पडला की दिवसाची हवा पालटल्यामुळे, हे सांगता आलं नसतं. पुढे १६६२ मध्ये रॉबर्ट बॉइलने दाब आणि आकारमान यांचा हिशेब मांडला, आणि शाळेत आपण तो सूत्र म्हणून पाठ केला. त्या सूत्रावर एक दिवस आपली झोप अवलंबून असेल असं अकरावीच्या वर्गात कोणी सांगितलं असतं, तर मी ते अधिक मन लावून वाचलं असतं.

आमच्या गाडीत त्या धर्मगुरूचं काम माझ्याकडे आहे. मी एक वही ठेवते. मुक्कामाची उंची, संध्याकाळचं आणि पहाटेचं तापमान, दोन्ही बाजूंचे आकडे, आणि सकाळी उठल्यावर कोणाचं काय दुखलं ते. घाट चढायच्या आधी दोन्ही कप्पे सैल सोडायचे, पंपाची वीज बंद करायची आणि मगच निघायचं, हा नियम त्या वहीतून निघाला. गादी प्रवासात ताठ असण्याची काही गरज नाही. तिच्यावर तेव्हा कोणी झोपलेलं नसतं. उतरताना उलटं होतं. दहा हजार फुटांहून उंच असलेल्या लेडव्हिलला भरलेली गादी चार हजार फुटांवरच्या मोॲबला आणली, की आतली हवा जवळजवळ पाचव्या हिश्शाने आकसते. गादी गळते आहे अशी शंका येते. गळत काहीच नसतं. नवीन मुक्कामाला नव्याने हवा भरावी लागते, एवढंच.

रात्रीच्या गारठ्याचं गणित लहान आहे, पण झोपेच्या दृष्टीने तेच जास्त लबाड. युटाच्या वाळवंटात संध्याकाळी तीस अंशांना गादी भरली आणि पहाटे पारा पाचवर आला, तर हवा सुमारे आठ टक्के आकसते. झोपताना नेमकी वाटलेली गादी तीन-चारच्या सुमाराला कमरेखाली खचते, आणि नेमक्या त्याच वेळी पंप चालवला की सगळी गाडी जागी होते. म्हणून गाडी गार झाल्यावर, अंथरुणात शिरल्यावर, प्रत्यक्ष आडवं होऊनच शेवटचा आकडा ठरवायचा. रिकाम्या गादीवर पाहिलेला आकडा कामाचा नाही, कारण आपलं वजन पडल्यावर आतला दाब बदलतो. बहुतेक कॅम्पग्राउंडवर रात्री जनरेटर लावू देत नाहीत, तेव्हा पंपाची जोडणी बॅटरीवरच्या इन्व्हर्टरला आहे ना, हेही उजेड असतानाच पाहून घ्यावं.

गार पाठीचं दुखणं याहून वेगळं. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजचा आरव्ही पार्क पावणेआठ हजार फुटांच्या आसपास आहे. अस्वलांमुळे तिथे फक्त भक्कम भिंतींच्या गाड्यांनाच मुक्काम करू देतात. ऑगस्टमध्येही पहाट तिथे गोठणबिंदूच्या जवळ जाऊ शकते. अशा वेळी माणसं अंगावर पांघरुणं वाढवत जातात आणि तरी कुडकुडतात. उब वरून जात नसते, खालून जात असते. आपण कूस बदलतो तशी कप्प्यातली हवा ढवळली जाते आणि अंगाची उब खालच्या गार फळीपर्यंत पोचते. वरचा फोम पातळ असेल तर मधे तिला अडवणारं काही नसतं. उपाय अंगाखाली अंथरण्याचा आहे. लोक महागाचे लोकरी पॅड आणतात, ते चांगलेच असतात. आमच्याकडे आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आहे. चादरीखाली ती अंथरली की पाठ गार पडत नाही, आणि हवेच्या गादीवर अंग जे निसटतं राहतं तेही थांबतं. सुताच्या त्या थरांना घट्ट धावदोऱ्याने शिवताना आईच्या मनात जमिनीचा गारवा होता. हवेचा गारवाही ती तितकाच अडवते.

थंडीच्या दिवसांत फळी आणि गादी यांच्यामधे ओल धरते. दोन माणसांच्या श्वासाची वाफ लहानशा बंद गाडीत गार जागा शोधते आणि तिथे पाणी होऊन बसते. सकाळी गादी उचलून उभी करणं आणि फळीवर हवा खेळेल अशी जाळी घालणं पुरतं. आळस केला तर बुरशी येते, आणि तो वास मग जात नाही.

हवेची गादी पहिल्यांदा आमच्या घरात आली ती प्रवासासाठी नव्हे. कोल्हापूरला सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मेडिकलच्या दुकानातून भाड्याने एअर बेड आणला होता. लहान लहान कप्प्यांची ती गादी, पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला पंप, आणि आळीपाळीने फुगणारे, सैलावणारे कप्पे, म्हणजे अंगाचा एकच भाग सतत दाबला जाऊन बेडसोअर होऊ नयेत. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांना ती घरघर ओळखीची आहे. माझी थोरली नणंद त्यांच्यापाशी असायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी करायची, पावडर लावायची. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी तिला एक गोष्ट शिकवली होती: तळहात सरळ ठेवून गादीखाली, बरोबर माकडहाडाच्या खाली सरकवायचा. हाताला अंग लागलं, मधे निदान इंचभर हवा जाणवली नाही, तर माणूस गादीवर नाही, फळीवर झोपला आहे असं समजायचं आणि हवा वाढवायची.

मोटरहोममधल्या पंपाचा आवाज त्या घरघरीच्या फार जवळचा आहे. नवरा त्यामुळे सुरुवातीला झोपतच नसे. पडून राहायचा. कशामुळे ते त्याने लगेच सांगितलं नाही, आणि मीही गादीत दोष शोधत राहिले. सांगितल्यावर आम्ही पंपाखाली जाड रबर घातलं, आवाज मवाळ केला, आणि पंप शक्यतो तो अंघोळीला गेला असताना चालवायचा असं ठरवलं. आरामाच्या अडचणींच्या कुठल्याही यादीत ही अडचण सापडणार नाही. तरी आमच्या गाडीत ती सगळ्यांत मोठी होती.

त्याच्या कमरेचंही दुखणं आहे. मणक्याची चकती सरकली तेव्हा, पुष्कळ वर्षांपूर्वी, पुण्यातल्या डॉक्टरांनी फळीवर झोपायला सांगितलं होतं, आणि आपल्या पिढीने कंबरदुखीवरचा तोच एक उपाय मानला. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ माणसांवर एक अभ्यास झाला, तो २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना कडक गाद्या दिल्या, अर्ध्यांना मध्यम. कोणाला कोणती हे सांगितलं नव्हतं. मध्यम गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. त्या हवेच्या गाद्या नव्हत्या, पण नवऱ्याला मी ते वाचून दाखवलं तेव्हा कुठे तो आकडा शंभरवरून खाली आणायला तयार झाला.

हवेच्या गादीत मऊपणा म्हणजे काय हे कागदावर मांडून पाहता येतं, आणि मला ते मांडायला आवडतं. सत्तर किलोचा माणूस म्हणजे सुमारे १५४ पौंड. गादीत अर्धा पौंड दाब असेल तर त्याला पेलायला तीनशेच्या वर चौरस इंच जागा अंगाला टेकायला हवी. दाब निम्मा केला की टेकणारी जागा दुप्पट लागते, म्हणून अंग आणखी खोल जातं, खांदे आणि कंबर सामावली जातात. फार खोल गेलं की मधला भाग खचतो आणि पाठीचा कणा वाकतो. फोमची भिंत, वरचा थर यांनी हिशेब थोडा हलतो, पण मूळ गोष्ट हीच. पाठीवर झोपणाऱ्याला एक दाब लागतो, कुशीवर झोपणाऱ्याला त्याहून कमी, कारण खांद्याला रुतायला जागा हवी. मी कुशीवर झोपते, तो पाठीवर. लग्न झाल्यापासून आम्ही एकाच कापसाच्या, मग एकाच स्प्रिंगच्या गादीवर झोपलो आणि दोघांपैकी एकाची पाठ नेहमी दुसऱ्याच्या सोयीने अवघडलेली राहिली. ते कधी बोलायचं सुचलंही नाही. वेगळ्या कप्प्यांनी ते दाखवून दिलं. एकाच कप्प्याच्या गादीत तर एक जण उठला की हवा सरकून दुसरा खाली जातो. दोन कप्प्यांत तो हेलकावा थांबतो, फक्त मधल्या सांध्यात एक चर पडतो. त्यात फोमची अरुंद पट्टी बसते. आम्ही ती घातली आहे.

गळतीबद्दल थोडक्यात. एकच बाजू सैल पडत असेल तर पंपाशी दोन्ही नळ्यांची अदलाबदल करून एक रात्र काढावी. दोष बाजू बदलून गेला तर तो पंपाच्या झडपेत आहे. त्याच बाजूला राहिला तर कप्प्यात किंवा नळीत. मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. ज्या गाड्यांत पलंग स्लाइड-आउटमध्ये असतो आणि आत घेताना डोक्याकडून उचलला जातो, तिथे नळी मुडपते किंवा चिमटते. तिथला दोष नव्या गादीने जात नाही, नळीची वाट बदलावी लागते. मेकॅनिकने गादी बदलायला सांगितली तरी आधी ती नळी हाताने चाचपून बघावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आणि सगळ्यांच्या आधी गाडी समतल हवी. जॅक लावून, जमिनीवर पाणसळ ठेवून, बुडबुडा मधे आला की मगच गादीकडे वळायचं. डोकं इंचभर जरी उताराकडे राहिलं तर कितीही हवा भरली तरी सकाळी डोकं जडच असतं.

गेल्या उन्हाळ्यात नणंद कोल्हापूरहून आली आणि आमच्यासोबत निघाली. तिला सोफ्याच्या ओढून काढायच्या पलंगावर झोपवायचं होतं. त्याची गादी एकाच कप्प्याची, हाताने झडप उघडून हवा काढायची. खालच्या स्प्रिंगा मधे झुकलेल्या, म्हणून आम्ही त्यावर पातळ प्लायवुड ठेवलं, वर आईची गोधडी घातली. आपल्याकडची वडीलधारी माणसं पाहुणी म्हणून आली की तक्रार करत नाहीत. "ताई, झोप झाली का?" "झाली हो, मला कुठेही लागते." मी ते खरं धरलं नाही. ती पडल्यावर, तिनेच शिकवलेल्या रीतीने, गादीखाली हात सरकवला. तिने मान वळवून पाहिलं, ओळखलं आणि काही बोलली नाही, फक्त कंबर थोडी उचलून मला हाताला जागा करून दिली. हवा कमी होती. मी वाढवली.

मोॲबहून आम्ही लेडव्हिलला निघालो त्या दिवशी सोफ्याची हवा आधी सैल सोडायचं माझ्या डोक्यात होतंच. वर पोचल्यावर जॅक लावले, चहा केला, आणि मी गादी भरायला बसले तर ती मागून म्हणाली, "अगं, कालच्याइतकी भरू नकोस. आपण केवढा डोंगर चढून आलोय. थोडी भर, मी पडते, मग हात घालून बघ."